ब्रेन-विश्वातल्या गुरुत्वीय विक्षोभांचं अंदाजी गणित: आधी दोन आकडे, मग पद्धत

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची चार किलोमीटर भुजांची वेधशाळा होणार म्हटल्यापासून नांदेड, परभणी, संभाजीनगरकडची एमएस्सीची मुलं गुरुत्वीय लहरींवर प्रकल्प घेऊ लागली आहेत. त्यातली काही अतिरिक्त मितींकडे वळतात. समीकरणं नीट उतरवतात, प्रोग्राम चालतो, आलेख देखणा येतो, आणि शेवटच्या पानावर वाक्य असतं: पाचवी मिती असेल तर आदिविश्वातल्या लहरी औंढ्याला ऐकू येतील. त्या वाक्यामागचा आकडा साधारण पन्नास कोटी पटीने फुगलेला असतो.

प्रोग्राममध्ये चूक नसते. जो अंदाज जिथे चालत नाही तिथे तो वापरलेला असतो, एवढंच. मुलं आधी पद्धत निवडतात, कारण ती कुठल्या तरी शोधनिबंधात सोपी दिसलेली असते, आणि ती कुठवर चालते हे नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. तो कसा, हे खाली टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे.

## तयारी: वहीच्या पहिल्या पानावर काय हवं

नमुना एकच घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. इथे घेतला आहे तो रँडल आणि सुंड्रम यांचा १९९९ सालचा एका ब्रेनचा नमुना. पाचमितीय अवकाश-काल म्हणजे बल्क, त्याची वक्रता ऋण. आपलं विश्व ही त्यातली चार मितींची चादर, म्हणजे ब्रेन. पाचवी मिती लांबीला अनंत आहे, तरी गुरुत्व ब्रेनजवळच दाटून राहतं. हलकी सर पडून गेल्यावर काळ्या रानात ओल वरच्या थरातच धरून राहावी, तसं. ही ओल साधारण किती खोल, ते सांगणारी लांबी म्हणजे बल्कच्या वक्रतेची लांबी. तिला या लेखात ‘एल’ म्हणू.

बाकीच्या राशी: हबल दर (विश्वाच्या प्रसरणाचा दर) ‘एच’, विश्वाचा प्रमाण-गुणक (विश्व किती पट ताणलं ते) ‘ए’, सहगामी तरंगांक (प्रसरण वगळून मोजलेल्या लहर-लांबीच्या व्यस्त प्रमाणातला आकडा) ‘के’, वैश्विक काळ ‘टी’. ब्रेनवरची ऊर्जाघनता भागिले ब्रेनचा ताण या गुणोत्तराला ‘ई’ म्हणू. पुढचं अर्धं काम या ‘ई’वर चालतं.

एकक-पद्धत पहिल्याच दिवशी ठरवा. प्रकाशाचा वेग १, एल १. मीटर आणि सेकंद अगदी शेवटी आणा. मधेच आणले की दहाचे घात हमखास घसरतात.

एलचा खरा आकडा किती? वॉशिंग्टनमधल्या पीळ-तराजूच्या प्रयोगाने २०२० मध्ये गुरुत्वाचा व्यस्त-वर्गाचा नियम ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत तपासला. बिघाड आढळला नाही. म्हणून ०.१ मिलिमीटर ही एलची सढळ हाताने धरलेली वरची किंमत समजा. पुढची सगळी उदाहरणं याच गोल आकड्यावर आहेत. या किमतीला ब्रेनच्या ताणाचं चतुर्थमूळ सुमारे ३.४ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट येतं. तुमचं तसं येत नसेल तर पुढे जाऊ नका.

सावधान: नमुन्यांची भेसळ करू नका. डीजीपी (द्वाली, गबादाझे आणि पोराटी यांच्या) नमुन्यात गुरुत्व फार लांबच्या अंतरावर गळतं, इथे ते फार जवळच्या अंतरावर बदलतं. १७ ऑगस्ट २०१७ च्या न्यूट्रॉन-ताऱ्यांच्या टकरीवरून गुरुत्व किती मितींत पसरतं याचं जे मोजमाप निघालं, ते गळतीच्या नमुन्यांना लागू आहे. ते या नमुन्याला चिकटवलेलं मी तीनदा पाहिलं आहे.

## टप्पा १: दोन आकडे काढा

पद्धतीचं नाव घेण्याआधी दोन आकडे:

पहिला, एच × एल. विश्वाच्या प्रसरणाची लांबी बल्कच्या वक्रतेच्या तुलनेत केवढी आहे, ते हा सांगतो. दुसरा, के × एल ÷ ए. तुमच्या लहरीची लांबी एलच्या तुलनेत केवढी, ते हा सांगतो.

लहर क्षितिजात शिरते, म्हणजे तिची लांबी प्रसरणाच्या लांबीइतकी होते, त्या क्षणी के = ए × एच असतं, म्हणून तेव्हा हे दोन्ही आकडे सारखे होतात. त्या क्षणाची किंमत ही त्या लहरीची जन्मखूण समजा. ती १ पेक्षा खूप लहान असेल तर काम सोपं आहे. १ च्या आसपास किंवा वर असेल तर ब्रेनवर बसून पाचव्या मितीला टाळता येत नाही.

आता हे वारंवारितेत आणू. एच × एल बरोबर १ असताना क्षितिजात शिरलेली लहर आज कोणत्या वारंवारितेला असेल? एल ०.१ मिलिमीटर धरला तर एच येतो सेकंदाला ३ × १०¹². त्या वेळचं तापमान सुमारे १.१ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट. मानक कण-प्रतिकृतीतले सगळे कण धरून एन्ट्रॉपी जपत आजपर्यंत आलात की सीमेची वारंवारिता सुमारे ०.००००३ हर्ट्झ निघते.

पडताळा: तुमचं उत्तर ०.०००२ हर्ट्झ आलं का? मग तुम्ही २ × पाय ने भागायचं विसरलात. तरंगांकाला वारंवारिता समजण्याची ही चूक छापील निबंधांच्या आलेखांतही गोंधळ घालते, कारण काहीजण एक राशी काढतात आणि काहीजण दुसरी. अक्षावर काय आहे ते वाचल्याशिवाय तुलना करू नका.

औंढ्याच्या यंत्राचा कान साधारण १० हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंतचा. १०० हर्ट्झ घेतलं तर ते सीमेच्या सुमारे तेहतीस लाख पट वर आहे. फार उच्च ऊर्जेत एच हा ए च्या उणे चौथ्या घाताने घटतो, म्हणून ही लहर क्षितिजात शिरताना एच × एल कोटींच्या घरात होता. ‘एच × एल लहान आहे’ असं धरून केलेला कुठलाही अंदाज या पट्ट्यात चालणार नाही, हे इथेच, एकही विकलक समीकरण न सोडवता कळलं.

## टप्पा २: पार्श्वभूमी आधी, विक्षोभ नंतर

पार्श्वभूमी म्हणजे एकसारखं प्रसरण पावणारं विश्व, विक्षोभ म्हणजे त्यावरचे बारीक चढउतार. प्रसरणाचा दर घनतेशी जोडणारं फ्रीडमन समीकरण ब्रेनवर नेहमीच्यापेक्षा वेगळं आहे, त्यात घनतेचा वर्गही येतो. ब्रेनवरचा वैश्विक स्थिरांक शून्य आणि बल्कमध्ये कृष्णविवर नाही असं धरलं तर ते असं दिसतं:

एच² × एल² = ई × (२ + ई)

दोन्ही बाजूंना १ मिळवा:

१ + एच² × एल² = (१ + ई)²

ही दुसरी ओळ भिंतीवर चिकटवा. सीमाअटीत, निर्देशांकांत, ब्रेनच्या वेगात सगळीकडे हाच चेहरा परत येतो. एच × एल = १ ठेवलं की ई = ०.४१४.

प्रारणाच्या युगात, म्हणजे विश्वात प्रारणाची ऊर्जा वरचढ असताना, हे समीकरण संगणकाला द्यायची गरजही नाही. त्याचं नेमकं उत्तर हातात येतं: ए चा चौथा घात हा टी × (टी + एल ÷ २) च्या प्रमाणात वाढतो. टी फार लहान असताना ए टी च्या एक-चतुर्थांश घाताने वाढतो, नंतर नेहमीच्या अर्ध्या घाताने. मधला सांधा आपोआप गुळगुळीत होतो.

पडताळा: टी = ०.३५४ एल ला एच × एल बरोबर १ यायला हवा. माझ्याकडे येणाऱ्या दर चार प्रोग्रामांतला एक इथेच नापास होतो. कारण बहुतेक वेळा एकच: ब्रेनच्या दोन्ही बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात, त्यामुळे जोड-अटीत (ब्रेनच्या दोन बाजू जोडणाऱ्या अटीत) २ चा गुणक येतो, आणि तो गळलेला असतो. लवकर तपासायचं असेल तर घनता शून्य ठेवा. एचही शून्य आला पाहिजे.

बल्कमध्ये कृष्णविवर असेल तर फ्रीडमन समीकरणात ए च्या उणे चौथ्या घाताने घटणारं एक पद येतं, त्याला कृष्ण-प्रारण म्हणतात. पार्श्वभूमीत ते शून्य घेणं ठीक. पण पार्श्वभूमीत शून्य घेतलं म्हणून अदिश (म्हणजे घनतेच्या) विक्षोभांतही ते शून्यच राहील, असं नाही. कोरड्या नदीच्या पात्रातही लाट येऊ शकते. वरच्या धरणाचं दार कुणी उघडतं का त्यावर ते आहे, आणि ते धरण इथे बल्कमध्ये आहे.

## टप्पा ३: विक्षोभाचा प्रकार आणि सीमाअट

अदिश, सदिश, प्रदिश हे तीन प्रकार पहिल्या क्रमात एकमेकांत मिसळत नाहीत. सुरुवात प्रदिश विक्षोभांनी, म्हणजे गुरुत्वीय लहरींनी करा. त्यांना निर्देशांक-बदलाची भानगड नसते आणि ब्रेनवरच्या द्रव्याशी थेट देवाणघेवाणही नसते.

बल्कसाठी पॉइन्कारे निर्देशांक घ्या: काळ ‘टाउ’, पाचवी मिती ‘झेड’. लहरीच्या आयामाचं (उंचीचं) समीकरण शब्दांत असं: टाउमधला दुसरा विकलज अधिक के² गुणिले आयाम, हे बरोबर झेडमधला दुसरा विकलज वजा (३ ÷ झेड) गुणिले झेडमधला पहिला विकलज. ३ ÷ झेड चं चिन्ह तपासा. ते उलटं पडलं तर ब्रेनजवळ दाटणारा आयाम बल्कमध्ये खोल फुगायला लागतो, आणि तो फुगवटा पाचव्या मितीचा परिणाम आहे असा गैरसमज होतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सीमाअटीत. ब्रेनवर असमदिक (दिशेनुसार वेगळा) ताण नसेल तर आयामाचा लंब दिशेतला विकलज शून्य. बरेच जण इथे सरळ झेडमधला विकलज शून्य ठेवतात. ब्रेन स्थिर असती तर ते बरोबर होतं. पण विश्व प्रसरण पावतं म्हणजे पॉइन्कारे निर्देशांकांत ब्रेन चालते; तिची जागा झेड = एल ÷ ए. चालत्या ब्रेनचा लंब काळाच्या दिशेला कललेला असतो. खरी अट अशी:

(१ + ई) × झेड-विकलज − एच × एल × टाउ-विकलज = ०

ई अगदी लहान असेल तर दुसरं पद नगण्य होतं. ई मोठा असेल तर दोन्ही पदं जवळपास बरोबरीची असतात, आणि एक टाकणं म्हणजे बैलजोडीतला एक बैल सोडून नांगर धरणं.

ब्रेनचा वेगही याच आकड्यांतून मिळतो: एच × एल ÷ (१ + ई). ई = १० ला तो प्रकाशाच्या वेगाच्या ९९.६ टक्के भरतो. इतक्या वेगाने सरकणारा आरसा बल्कमध्ये लहरी उसळवणारच. या लहरी म्हणजे कालुझा-क्लाइन अवस्था, आणि ब्रेनवरची ऊर्जा त्या घेऊन जातात. टप्पा ७ मध्ये याचीच किंमत मोजायची आहे.

## टप्पा ४: निर्देशांक कुठवर पुरतात

ब्रेन एका जागी स्थिर दिसावी म्हणून बहुतेक पुस्तकं गाउसी-लंब निर्देशांक घेतात. समीकरणं आटोपशीर होतात, सीमाअट सोपी होते. मला स्वतःला ते आवडतात, पण त्यांना तळ आहे. ब्रेनपासून काही अंतरावर ए शून्य होतो आणि निर्देशांक मोडतात. भौतिक तिथे काही घडत नाही, नकाशा संपतो.

ते अंतर काढायला एक ओळ पुरते: अंतर ÷ एल ची हायपरबोलिक टॅन्जंट बरोबर १ ÷ (१ + ई). ई = ०.०१ ला नकाशा २.६५ एलपर्यंत पुरतो. ई = ०.४१४ ला ०.८८ एल. ई = १० ला फक्त ०.०९ एल.

बारवेत उतरताना पायऱ्या कुठे संपतात ते आधी बघावं लागतं. इथे ऊर्जा वाढेल तशा पायऱ्या कमी होत जातात.

सावधान: प्रोग्राममध्ये ‘अनंत’ म्हणून १० एल लिहून ठेवणाऱ्यांनी वरचे तीन आकडे पुन्हा वाचावेत. गाउसी-लंब निर्देशांक ई लहान असतानाच वापरा. नाहीतर पॉइन्कारे किंवा प्रकाशरेषांचे निर्देशांक घ्या.

## टप्पा ५: कमी ऊर्जेचे तीन अंदाज

दोन्ही आकडे १ पेक्षा बरेच लहान असतील तरच हा टप्पा.

पहिला, वाइल-पद टाकणं. ब्रेनवरची आइन्स्टाइनची समीकरणं शिरोमिझू, माएदा आणि सासाकी यांनी २००० मध्ये दिलेल्या रूपात लिहिली की बल्कचा सगळा प्रभाव एका पदात गोळा होतो. ते पद म्हणजे ब्रेनवर पडलेली बल्कच्या वाइल वक्रतेची (द्रव्य नसतानाही उरणाऱ्या वक्रतेची) सावली. तिच्या ऊर्जेच्या आणि प्रवाहाच्या भागांना ब्रेनवर उत्क्रांतीचं समीकरण मिळतं. असमदिक भागाला ते मिळत नाही. म्हणजे ब्रेनवरची समीकरणं स्वतःत बंद होत नाहीत.

मुलं इथे असमदिक भाग शून्य धरतात, कारण मग हिशोब पुढे सरकतो. हिशोब सरकतो म्हणून धारणा बरोबर ठरत नाही. क्षितिजापेक्षा खूप मोठ्या लांबीवर वक्रता-विक्षोभ या भागाशिवाय काढता येतो, तिथे हरकत नाही. पण त्याच लांबीवर सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या तापमानातला फरक काढायचा असेल तर हा भाग लागतोच, आणि तो बल्क सोडवल्याशिवाय मिळत नाही. एकाच प्रकल्पाच्या एका प्रकरणात चाललेली धारणा पुढच्या प्रकरणात चालत नाही ती अशी.

दुसरा, उतार-विस्तार. ब्रेनवरच्या वक्रतेची लांबी एलपेक्षा खूप मोठी, असं धरून बल्कचं उत्तर दोहोंच्या गुणोत्तराच्या वर्गात उलगडायचं. कान्नो आणि सोदा यांनी २००२ मध्ये ही रीत पद्धतशीर मांडली. शून्याव्या क्रमात नुसती वक्रता, पहिल्या क्रमात नेहमीचं आइन्स्टाइन समीकरण अधिक एक समाकलन-स्थिरांक. तिन्हींत मला हीच सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण आपल्याला काय ठरवता आलं नाही ते ती लपवत नाही. तो समाकलन-स्थिरांक एका ब्रेनच्या नमुन्यात या रीतीने ठरत नाही. बल्कच्या खोल टोकाची अट द्यावी लागते. दोन ब्रेन असतील तर दुसरी ब्रेन तो ठरवते.

चूक किती? ढोबळमानाने (एच × एल)² च्या आसपास, वर एखादा लॉगॅरिदम. एच × एल = ०.१ असेल तर टक्का-दोन टक्के. ०.५ ला या रीतीवर माझा विश्वास नाही.

या लॉगॅरिदमकडे दुर्लक्ष करू नका. स्थिर वस्तूभोवतीचं गुरुत्वीय विभव या नमुन्यात न्यूटनच्या विभवाला (१ + २ × एल² ÷ (३ × अंतर²)) ने गुणून मिळतं, म्हणजे कंसातलं दुसरं पद एल² च्या दोन-तृतीयांशाला अंतराच्या वर्गाने भागून येतं. तरंगांकांच्या भाषेत ही दुरुस्ती के च्या लॉगॅरिदमसारखी दिसते, आणि के² च्या घातांची साधी मालिका लॉगॅरिदम कधीच देत नाही. तुमच्या विस्तारात तो आला नाही तर तो आपोआप शून्य झाला असं नाही, तुमच्या मालिकेने तो पाहिलाच नाही.

पडताळा: त्या विभवात २/३ ऐवजी १ आला तर ब्रेन द्रव्याच्या वजनाने वाकते हे धरायचं राहिलं. रँडल-सुंड्रम यांच्या मूळ निबंधात ढोबळ अंदाज म्हणून १ च होता. गॅरिगा आणि तानाका यांनी वाकणं धरून २/३ काढला. परीक्षक हा प्रश्न हमखास विचारतात.

तिसरा, ब्रेनलगतचा अंदाज. ब्रेनच्या अगदी जवळ आयाम सपाट मानून पाचव्या मितीतले विकलज ब्रेनवरच्या राशींत बदलून घ्यायचे. क्षितिजाबाहेरच्या लहरींना आणि उशिराच्या काळाला बरा. पहिला क्रम काढून त्याची तुलना दुसऱ्या क्रमाशी करा. दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो सोडून द्या.

## टप्पा ६: इन्फ्लेशन, जिथे नेमकं उत्तर मिळतं

इन्फ्लेशन म्हणजे विश्वाच्या आरंभीचं अतिवेगवान प्रसरण. त्यात एच स्थिर असेल तर ब्रेन शुद्ध डी सिटर (एकाच दराने सतत फुगणारी) असते आणि बल्कचं समीकरण दोन भागांत सुटं होतं. एक शून्य-वस्तुमान अवस्था मिळते, आणि तिच्यावर १.५ × एच एवढी दरी सोडून कालुझा-क्लाइन अवस्थांची सलग रांग सुरू होते. क्षितिजाबाहेर जड अवस्था विरतात, शून्य-अवस्था गोठते. अंदाज न करता पूर्ण उत्तर मिळण्याची ही एकच निवांत जागा आहे.

लँगलुआ, मार्टेन्स आणि वॉन्ड्स यांनी २००० मध्ये काढलेलं उत्तर असं: चार मितींतल्या प्रदिश वर्णपटाला एका गुणकाने गुणायचं. एच × एल ला ‘क्ष’ म्हटलं तर तो गुणक म्हणजे √(१ + क्ष²) − क्ष² × व्यस्त-हायपरबोलिक-साइन(१ ÷ क्ष) या राशीचा व्यस्त.

पडताळा: क्ष = ०.१ ला गुणक १.०२६, क्ष = १ ला १.८७७, क्ष = १० ला १५.०४. क्ष मोठा होईल तसा तो १.५ × क्ष कडे जातो.

हे सूत्र जसंच्या तसं पायथनमध्ये टाकू नका. क्ष मोठा असताना जवळजवळ सारख्या दोन आकड्यांची वजाबाकी होते. क्ष दहा कोटींवर गेला की दुहेरी अचूकतेतले सगळे अंक त्या वजाबाकीत वाहून जातात. उत्तर शून्य, ऋण किंवा अनंत काहीही येतं. क्ष हजाराच्या पुढे गेला की सरळ १.५ × क्ष वापरा.

आणि हे लक्षात ठेवा की एच हळूहळू बदलत असेल तर शून्य-अवस्था आणि जड अवस्था थोड्या मिसळतात. संथ बदलाला हा गुणक चालतो. एचने अचानक उडी घेतली तर नाही.

## टप्पा ७: उच्च ऊर्जेतलं प्रारण-युग, आणि ते पन्नास कोटी

सुरुवातीला सांगितलेली चूक इथे होते.

मोह असा: बल्कची कटकट नको, ब्रेनवर चार मितींचं नेहमीचं लहर-समीकरण घ्यायचं आणि त्यात एच मात्र बदललेल्या फ्रीडमन समीकरणातून घालायचा. या उत्तराला ‘संदर्भ-लहर’ म्हणू. तिच्यावरून वर्णपट काढला की सीमेच्या वर ऊर्जा वारंवारितेच्या ४/३ घाताने वाढते. आलेख निळ्या बाजूला झपाट्याने चढतो. ०.००००३ पासून १०० हर्ट्झपर्यंत चढत गेला की सुमारे पन्नास कोटी पट. इन्फ्लेशनच्या लहरींची सपाट पातळी क्रांतिक घनतेच्या १०⁻¹⁶ च्या घरात. तिला पन्नास कोटींनी गुणलं की सध्याच्या शोधकांच्या आवाक्यातला आकडा तयार. मग औंढ्याचं वाक्य लिहिलं जातं.

संदर्भ-लहर चुकीची नाही, अर्धी आहे. दुसरा अर्धा भाग म्हणजे टप्पा ३ मधला धावता आरसा. क्षितिजात शिरताना ब्रेनवरची लहर बल्कमध्ये ऊर्जा सोडते. हिरामात्सु, कोयामा आणि तारुया यांनी २००५ मध्ये पाचमितीय समीकरण संगणकावर पूर्ण सोडवलं तेव्हा दिसलं की ही घट संदर्भ-लहरीच्या आयामाला साधारण वारंवारितेच्या उणे २/३ घाताने कापते. ऊर्जा आयामाच्या वर्गाने जाते, म्हणजे उणे ४/३. दोन परिणाम एकमेकांना खातात आणि वर्णपट चार मितींतल्यासारखाच जवळपास सपाट उरतो. वेगळ्या पद्धतीने, प्रकाशरेषांच्या निर्देशांकांत केलेल्या गणितानेही हेच दाखवलं.

स्वतः करून पाहायचं असेल तर हा क्रम:

1. प्रकाशरेषांचे निर्देशांक घ्या: टाउ − झेड आणि टाउ + झेड. जाळीचे चौकोन हिऱ्यासारखे तिरके होतात. तीन कोपरे माहीत असले की चौथा निघतो. सरळ जाळीत धावत्या ब्रेनची कड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि त्या पायऱ्या स्वतःच खोट्या लहरी पैदा करतात.

2. लहर क्षितिजाच्या बरीच बाहेर असताना सुरू करा, आयाम सगळीकडे सारखा ठेवून. आरंभ थोडा मागे-पुढे सरकवून उत्तर बदलतं का पाहा.

3. बल्कचं दुसरं टोक इतकं दूर ठेवा की तिथून परतलेला संकेत हिशोब संपेपर्यंत ब्रेनवर पोचणारच नाही. ते अंतर अंदाजाने नको, प्रकाशरेषा आखून काढा.

4. सीमाअटीत दोन्ही पदं. तिचा अचूकतेचा क्रम जाळीच्या क्रमाइतकाच ठेवा. आत दुसरा क्रम आणि कडेला पहिला, असं केलं तर सगळंच पहिल्या क्रमाचं होतं.

5. ई = ०.०१ सारख्या कमी ऊर्जेच्या लहरीने सुरुवात करा. तिथे नेहमीचं उत्तर, म्हणजे साइन भागिले कोन, आलं पाहिजे. ते आल्याशिवाय ई वाढवू नका.

6. मग ई ०.१, १, १० अशी वाढवत न्या आणि दर वेळी पाचमितीय आयाम भागिले संदर्भ-लहरीचा आयाम नोंदवा. या भागाकाराचा वारंवारितेनुसारचा उतार तुम्हाला हवा आहे. नुसता आयाम पाहून काही कळत नाही.

पडताळा: जाळीतलं अंतर निम्मं केलं की चूक चौथाई झाली पाहिजे. के = ० ठेवलं तर आयाम जराही हलता कामा नये; हलला तर सीमाअट चुकली आहे.

ई शंभराच्या पुढे नेणं घरच्या लॅपटॉपवर अवघड आहे, आणि गरजही नाही. एक ते शंभरपर्यंतचा उतार नीट मिळाला तर पुढे तो तसाच धरला आहे हे स्पष्ट लिहा. दर काही हजार पावलांनी स्थिती फाइलमध्ये साठवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. चौदा तासांचा हिशोब अडीच वाजता रात्री गेला की त्याच दिवशी पुन्हा बसायची इच्छा राहत नाही, हे अनुभवाने सांगतो.

## अदिश विक्षोभांबद्दल थोडं

प्रदिश जमल्यावरच इकडे या. बल्कचे अदिश विक्षोभ मुकोहयामा यांच्या २००० सालच्या प्रमुख-चलाने एकाच फंक्शनमध्ये बांधता येतात, पण ब्रेनवरचं द्रव्य आता सीमाअटीत शिरतं आणि ती अट स्वतःच काळातलं विकलक समीकरण होते.

प्रदिशांत घट झाली म्हणून इथेही घटच होईल असं धरू नका. उच्च ऊर्जेच्या प्रारण-युगात क्षितिजात शिरताना घनतेचे विक्षोभ उलट वाढतात. २००७ मधल्या संगणकीय गणितांनी ते दाखवलं आहे. एका प्रकारावरून दुसऱ्याचं भाकीत करण्याचा मोह इथे खास वाईट आहे.

## टप्पा ८: अहवालात काय लिहायचं

प्रत्येक आलेखाखाली तीन गोष्टी: ई ची मर्यादा, के × एल ÷ ए ची मर्यादा, आणि कोणतं पद टाकलं. अक्षावर तरंगांक आहे की वारंवारिता, ते शब्दांत.

प्रत्येक अंदाजाचं उत्तर जिथे दुसऱ्या अंदाजाच्या हद्दीला लागतं, तिथे दोन्ही एकाच आलेखात काढा. उतार-विस्तार आणि पाचमितीय गणित एच × एल = ०.१ ला जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर जुळत नाहीत असं लिहा. मी तरी त्याचे गुण कापत नाही.

औंढ्याबद्दल वाक्य लिहायचंच असेल तर हे लिहा: या नमुन्यात इन्फ्लेशनच्या लहरी त्या पट्ट्यात चार मितींतल्या पातळीवरच राहतात, आणि ती पातळी अशा जमिनीवरच्या शोधकाच्या आवाक्याच्या खूप खाली आहे. मागच्या वर्षी एका मुलाने हेच वाक्य लिहिलं आणि विचारलं, मग प्रकल्पात नवीन काय राहिलं? त्याच्याकडे ई = १ ते ५० मधल्या भागाकाराचा उतार होता, उणे ०.६६, स्वतःच्या प्रोग्रामने काढलेला, जाळी तीनदा बदलून तपासलेला. तो आलेख मुखपृष्ठानंतर पहिल्या पानावर टाकायला सांगितला.